बाबांच्या नावावरची गाडी विकायचीय? आधी हे कागद मार्गी लावा

गाडी विकायची म्हणून चौकशीला निघालात की कोणीतरी हमखास भेटतो जो म्हणतो, अहो कशाला नावावर करत बसताय, बाबांची सही घरात कोणाला जमते का? विक्रीच्या फॉर्म २९ आणि ३० वर मारून टाका, तारीख मागची घालू, आत आपला माणूस आहे. आमच्याकडेही असा एक एजंट येऊन गेला, चहा पिऊन, अगदी आपुलकीने सांगून गेला. हे अजिबात करायचं नाही. गेलेल्या माणसाची सही करणं म्हणजे सरळसरळ बनावट कागद, आणि मृत्यूची तारीख सरकारी नोंदीत पक्की बसलेली असते, त्यामुळे उद्या त्या गाडीने कोणाला उडवलं किंवा घरातलंच कोणी रुसून तक्रार करायला गेलं तर सही कोणी केली हा प्रश्न एजंटला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात.

सरळ रस्ता एकच आहे. आधी गाडी एका वारसाच्या नावावर करायची, मग त्या वारसाने स्वतःच्या सहीने विकायची. दोनदा ट्रान्सफर होते, थोडा वेळ जातो, आरसीवर (गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कार्डावर) ओनर नंबर एकने वाढतो म्हणून गिऱ्हाईक किमतीत घासाघीस करतं, हे सगळं खरं आहे. तरी हाच रस्ता. खाली जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या खासगी कारबद्दल आहे, टूव्हीलरलाही जवळपास हेच लागू होतं. टॅक्सी-टेम्पोला परमिट असतं, तो वेगळा विषय.

सगळ्यात आधी बाबांचा मोबाईल नंबर

हे कोणी सांगत नाही म्हणून पहिलं लिहितोय. बाबांचं सिम बंद करू नका आणि रिचार्ज संपू देऊ नका. आरटीओचं वाहन पोर्टल (परिवहन डॉट गव्ह डॉट इन), विमा कंपनी, फास्टॅग, बँक, सगळीकडे ओटीपी त्याच नंबरवर येणार. घरात लोक काय करतात, तेराव्यानंतर फोन कपाटात ठेवून देतात, प्रीपेड नंबर काही महिने वापरला नाही की कंपनी तो बंद करून पुढे दुसऱ्याला देऊन टाकते, आणि मग ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाला जायला लागतात. लहानातला लहान रिचार्ज मारा, महिन्यातून एखादा फोन लावा, काम होईपर्यंत चालू ठेवा. आरसीवरचा नंबर आधीच जुना आणि बंद असेल तर पोर्टलवर मोबाईल नंबर बदलायची सोय आहे, त्यासाठी चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि रजिस्ट्रेशनची तारीख हाताशी ठेवा, हे तिन्ही आरसीवरच असतं.

दुसरं, मृत्यूचा दाखला. महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत, जिथे मृत्यू झाला तिथलीच, राहत होते तिथली नाही. बाबा सांगलीला राहत होते पण पुण्यात हॉस्पिटलमध्ये गेले तर दाखला पुण्याचा. ओरिजिनल प्रती भरपूर काढून घ्या, कारण बँक, पोस्ट, एलआयसी, सोसायटी सगळेच मागतात आणि गाडीचा नंबर शेवटी लागतो. दाखल्यावरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळतंय का ते तिथेच उभं राहून वाचा. एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसती आद्याक्षरं असली की आरटीओच्या खिडकीवर वेगळं प्रतिज्ञापत्र मागतात.

तीस दिवस आणि तीन महिने

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५० आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ५६, एवढे दोन आकडे लक्षात ठेवले तरी खिडकीवर बोलताना जोर येतो. नियम असा की मालक गेल्यापासून ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं की मालक वारले आणि गाडी आता मी वापरणार आहे. असं कळवलं असेल तर मृत्यूच्या तारखेपासून तीन महिने तुम्ही ती गाडी आपलीच असल्यासारखी वापरू शकता, आणि त्या तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून ती नावावर करायला अर्ज द्यायचा.

कळवायचं म्हणजे साधा अर्ज, एका पानाचा. गाडी नंबर, बाबांचं नाव, मृत्यूची तारीख, तुमचं नातं, दाखल्याची झेरॉक्स जोडलेली. आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

खरं सांगायचं तर पहिल्या तीस दिवसांत हे कोणालाच सुचत नाही, घरात माणसं येत-जात असतात, कोण आरटीओत जाणार. उशीर झाला म्हणून गाडी कायमची अडकते असं मात्र नाही, थोडा दंड भरून अर्ज घेतात. वर्ष झालं, दोन वर्षं झाली, तरी होतं. फक्त मधल्या काळात ती गाडी रस्त्यावर फिरवू नका, का ते पुढे विम्यात बघा.

आणि एक नशीब आजमावून बघा. २०२१ पासून नियमात बदल होऊन आरसीला नॉमिनी लावता येतो, बँकेच्या खात्याला लावतो तसा. बाबांनी लावला असेल तर नॉमिनीचं काम बरंच हलकं होतं, मृत्यूचा दाखला, स्वतःची ओळखपत्रं आणि फॉर्म ३१. बहुतेकांनी लावलेला नसतो. तुमच्या स्वतःच्या गाडीला आजच लावून टाका, पोर्टलवरच होतं.

विमा: इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात

गाडीचा विमा मालक गेल्याबरोबर लगेच रद्द होत नाही. पॉलिसीच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मालकाच्या मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत ती चालू राहते, आणि तेवढ्यात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवीन घ्यायची. म्हणजे पॉलिसीवर मार्चपर्यंतची तारीख दिसत असली तरी बाबा ऑगस्टमध्ये गेले असतील तर नोव्हेंबरनंतर तुम्ही काहीही न करता ती गाडी चालवत राहणं धोक्याचं आहे. अपघात झाला तर कंपनी पहिला मुद्दा हाच काढणार. आणि कृपा करून बाबांच्याच नावाने ऑनलाइन रिन्यू करत राहू नका, पैसे ते घेतात, पोर्टल विचारत नाही माणूस आहे की गेला, पण क्लेमच्या वेळी विचारतात.

विमा कंपनीला मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि मूळ पॉलिसी लागते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाईल ही भीती असते तर तो जात नाही, मालकाच्या मृत्यूमुळे गाडी वारसाकडे आली असेल तर तो वारसाला मिळतो, आणि बाबा गाडी जपून चालवणारे असतील तर ही सूट ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणून हक्काने मागा. कधी कधी कंपनी म्हणते आधी आरसी नावावर करून आणा आणि आरटीओ म्हणतं आधी चालू विमा दाखवा. तोड अशी की तीन महिन्यांच्या आतच दोन्हीकडे अर्ज टाकायचे, जुनी पॉलिसी चालू असताना आरटीओचा अर्ज पुढे सरकतो, आणि कंपनीकडे जो अर्ज दिला त्याची पोच किंवा ईमेल जपून ठेवायचा.

एक नाजूक गोष्ट. बाबा स्वतःच गाडी चालवताना अपघातात गेले असतील तर पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहे का ते बघा, तो १५ लाखांचा असतो आणि कित्येक घरांत त्याचा क्लेम कोणी करतच नाही.

आरसी नीट वाचा

आरसी कार्ड हातात घेऊन, शिवाय वाहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून, एवढं बघून घ्या.

मालक खरंच बाबाच आहेत ना. हसू नका, कित्येकदा गाडी दुकानाच्या फर्मच्या नावावर किंवा कंपनीच्या नावावर निघते, मग वारसाचा प्रश्नच येत नाही, ती भागीदारांची किंवा कंपनीची गाडी. आईच्या नावावर निघाली तर आनंद, आईने सही केली की विषय संपला.

बँकेचा बोजा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असतं पण आरसीवर बँकेचं नाव तसंच लटकत असतं कारण बाबांनी बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणून कपाटात ठेवली आणि आरटीओत कधी गेलेच नाहीत. हे फारच कॉमन आहे. ती जुनी एनओसी आता चालणार नाही, तिची मुदत थोड्या महिन्यांचीच असते. बँकेकडून नवीन एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणायचा. कर्ज अजून चालू असेल तर बँकेला कळवा, कर्जासोबत विमा काढला होता का ते विचारा, असेल तर उरलेले हप्ते त्यातून फिटतात.

ई-चलन. महाट्रॅफिकच्या साइटवर नंबर टाका. दंड थकलेला असला तर काम अडतं. बाबांचे नो पार्किंगचे आणि सिग्नलचे जुने दंड निघतात, भरून टाका, भांडण्यात अर्थ नाही.

गाडीचं वय. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यायचं आणि पर्यावरण कर वेगळा. वीस वर्षांच्या आतल्या कारसाठी एप्रिल २०२२ पासून ही रिन्यूअलची फी ५,००० रुपये झाली आहे आणि मुदत टळून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये जादा चढत जातात. म्हणून २००८-०९ ची गाडी असेल तर आधी शांत बसून हिशोब करा की विकून येणार किती आणि कागदांवर जाणार किती. बऱ्याचदा अधिकृत स्क्रॅप सेंटरला देणं जास्त परवडतं. पण स्क्रॅपलाही वारसाचे कागद लागतातच, भंगारवाल्याला नुसती चावी देऊन मोकळं व्हायचं नाही, नाहीतर गाडी कागदावर जिवंत राहते आणि नंबरप्लेट कुठेतरी फिरत असते.

एचएसआरपी नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर ती जास्त सुरक्षेची प्लेट बसवलेली लागते, नसेल तर परिवहन खात्याने ट्रान्सफर, बोजा चढवणं-उतरवणं ही कामं अडवायला सांगितलेलं आहे. कारचे ७४५ रुपये आणि वर जीएसटी. तुमच्या आरटीओसाठी नेमलेल्या एजन्सीच्याच साइटवर बुक करायची, गुगलवर वर वर येणाऱ्या भलत्या साइटवर नाही, त्यात लोकांचे पैसे गेलेत.

पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, चालू करून घ्या. आरसी सापडतच नसेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद आणि फॉर्म २६ भरून डुप्लिकेट, हेही याच अर्जासोबत मार्गी लावता येतं का ते खिडकीवर विचारा.

वारस कोण कोण, आणि सह्या कोणाच्या

आरटीओचं काम तसं ठरावीक आहे, वेळ खातं ते हे. बाबांनी जन्मभर "गाडी धाकट्याला देणार" म्हटलं असलं तरी कागदावर तसं काही नसतं. हिंदू कुटुंबात पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने त्याची बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस. लग्न होऊन गेलेली ताई वारस आहे. आणि आजी हयात असेल तर आजीही वारस आहे, तिला लोक हमखास विसरतात. बाबांच्या आधी वारलेल्या तुमच्या भावाची बायको-मुलंही येतात. गाडी आईच्या नावावर होती आणि आई गेली असेल तर बाबा आणि मुलं-मुली. मुस्लिम, ख्रिश्चन कुटुंबांचे वारसाचे नियम वेगळे आहेत. गोव्यात तर नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा हिस्सा धरतात आणि २०१२ च्या वारसा कायद्याप्रमाणे विशेष नोटरीकडे वारसांचा दस्त करावा लागतो, त्यामुळे गोव्याची गाडी असेल तर तिथल्याच वकिलाला गाठा.

यातल्या एकाच्या नावावर गाडी करायची आणि बाकीच्यांनी ना-हरकत द्यायची. सगळ्यात सोपं म्हणजे आईच्या नावावर करा, भावंडांत कुरबूर होत नाही. पण आईला आरटीओत फोटोला किंवा सहीला बोलावलं आणि तिला जिने चढवत नसतील, पुन्हा विकतानाही तिलाच ओटीपी आणि सह्या करत बसायला लागणार असेल, तर जो भाऊ किंवा बहीण शहरात आहे आणि ज्याला सुट्टी मिळते त्याच्या नावावर करा आणि पैशाची वाटणी कशी होणार ते आधीच घरात एका कागदावर लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या. सत्तर-ऐंशी हजाराच्या गाडीवरून बोलणं बंद झालेली सख्खी भावंडं मी बघितली आहेत.

कागद दोन. एक, ज्याच्या नावावर होणार त्याचं प्रतिज्ञापत्र, त्यात सगळ्या वारसांची नावं, वयं, नाती आणि आणखी कोणी वारस नाही हे वाक्य. दोन, बाकी सगळ्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाची सही, फोटो, आधारची झेरॉक्स. नोटरीकडे करायचे. स्टॅम्प पेपर पूर्वी १०० चा चालायचा, ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ५०० चा झाला, पण २०२५ मध्ये सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना तो माफ केल्याचं जाहीर झालं, म्हणून लागतो का ते खिडकीवर आधी विचारा. मजकूर आरटीओबाहेरच्या टायपिस्टकडे तयार असतो, पण छापायच्या आधी नावं स्वतः वाचा, "विजया" चं "विजय" झालं की सगळं पुन्हा.

वारस परदेशात असेल तर त्याने तिथल्या भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीकडे सही करून आणि अपोस्टिल (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घेऊन ना-हरकत पाठवायची. स्कॅन चालत नाही, कुरियरने ओरिजिनल लागतो, म्हणून अमेरिकेतल्या दादाला पहिल्या आठवड्यातच फोन लावा. वारस लहान असेल तर पालकाची सही.

कोणी सही द्यायलाच तयार नसेल, किंवा आरटीओने प्रतिज्ञापत्रावर समाधान मानलं नाही, तर दिवाणी कोर्टातून वारस दाखला काढावा लागतो, मुंबई रेग्युलेशन १८२७ नावाच्या जुन्या कायद्याखाली तो मिळतो. त्यात जाहीर नोटीस वगैरे असतं, महिने जातात. गाडीसाठी एकट्यासाठी कोर्टात जाणं सहसा परवडत नाही, पण घर-शेतीसाठी तुम्ही तो काढणारच असाल तर त्याचीच प्रत इथे चालून जाते.

प्रत्यक्ष अर्ज

परिवहन डॉट गव्ह डॉट इन वर वाहनविषयक सेवा, राज्य महाराष्ट्र, गाडीचा नंबर, चेसिसचे शेवटचे पाच आकडे, ओटीपी. पुढे मालकी हस्तांतरण निवडायचं आणि त्यात प्रकार विक्री नाही तर वारसा निवडायचा. इथे लोक घाईत विक्री निवडतात, मग फॉर्म २९ मागायला लागतं आणि अर्ज रद्द करून पुन्हा भरावा लागतो. बोजा उतरवायचा असेल तर तोही त्याच वेळी टिक करा. फी ऑनलाइन भरायची, कारच्या ट्रान्सफरची मूळ फी ३०० रुपये आणि स्मार्ट कार्डचे २०० वेगळे. एजंट हजारोंचा आकडा सांगतो तेव्हा हे लक्षात असू द्या. एजंट करूच नका असं मी म्हणणार नाही, ज्याला वेळ नाही त्याने करावा, पण सरकारी पावती किती आणि तुझे किती हे आधी विचारावं.

मग प्रिंट काढून फाईल लावायची: फॉर्म ३१ सहीसकट, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, मृत्यूचा दाखला, दोन्ही प्रतिज्ञापत्रं, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा पॅन नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म, फोटो, आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. पेन्सिल प्रिंट म्हणजे चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो. घरीच जमतं, नाहीतर आरटीओबाहेर कोणीही काढून देतो. फाईलची पूर्ण झेरॉक्स घरी ठेवा. त्रुटी निघाली तर तोंडी ऐकून परत येऊ नका, काय कमी आहे ते कागदावर किंवा पोर्टलवर लिहून द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी दुसरा बाबू दुसरंच काही सांगतो.

मंजुरी झाली की पोर्टलवर नाव बदललेलं दिसतं, कार्ड पोस्टाने येतं. कार्ड यायच्या आत गाडीची जाहिरात टाकायला हरकत नाही, पण पैसे घेऊ नका.

विकताना

आता गाडी तुमची, त्यामुळे फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० तुमच्या सहीने. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका, घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरूनच सही. डीलरला देत असाल तर तो आरटीओकडे नोंदणी असलेला अधिकृत डीलर आहे का विचारा, २०२३ पासून त्यासाठी वेगळे फॉर्म आहेत आणि गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर होते, ती करून घ्या.

ही काळजी का, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय की रजिस्टरला ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे किती हातांतून गेली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. त्या माणसाने गाडी विकलेली होती आणि ती पुढे आणखी हातांतून गेली होती, तरी रजिस्टरवर नाव त्याचंच राहिलं होतं.

ताबा देताना एक डिलिव्हरी नोट लिहा, त्यात तारीख आणि वेळ, अगदी किती वाजून किती मिनिटं तेही, किलोमीटर रीडिंग, घेणाऱ्याची सही आणि आधारची प्रत. राज्यातल्या राज्यात विकलीत तर १४ दिवसांच्या आत तुम्ही आरटीओला कळवायचं असतं, बाहेरच्या राज्यात असेल तर ४५. परराज्यात जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते.

फास्टॅग विसरू नका. तो बाबांच्या केवायसीवर आणि बहुतेक बाबांच्या बँक खात्याला जोडलेला असतो. काचेवरून खरवडून काढला म्हणजे बंद झाला असं नाही, ज्या बँकेचा टॅग आहे तिथे बंद करायला सांगा, शिल्लक परत मागा. एका गाडीला एकच टॅग चालतो, त्यामुळे तुमचा बंद होईपर्यंत घेणाऱ्याला नवीन काढताना त्रास होतो. गाडीतली ब्लूटूथची जोडणी आणि डॅशकॅमचं कार्डही काढून घ्या, त्यात बाबांचे कॉन्टॅक्ट, फोटो असतात.

टॅक्सचं विचारतात म्हणून: घरगुती वापराची कार विकून आलेल्या पैशांवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, ती वैयक्तिक वापराची वस्तू धरतात. पण बाबांचा धंदा होता आणि गाडीवर दरवर्षी घसारा दाखवला असेल तर सीएला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शेवटी, ट्रान्सफर झालीय का हे घेणाऱ्याला विचारत बसण्यापेक्षा पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून अधूनमधून तुम्हीच बघा. महिना उलटला तरी तुमचंच नाव दिसत असेल तर डिलिव्हरी नोटची प्रत जोडून आरटीओला लेखी अर्ज द्या आणि पुन्हा पोच घ्या. नाव बदललं की मग बाबांच्या सिमचं काय करायचं ते ठरवा, तोवर रिचार्ज चालू ठेवा.